वाळवीचं औषध मारण्यापूर्वी : घरदुरुस्ती काढणाऱ्या नवख्यांसाठी

गावचं घर दुरुस्तीला काढलं, की कौलं उतरायच्या आधीच सल्ले सुरू होतात. सुतार म्हणतो वाशांना जळकं ऑइल मारा. कृषी सेवा केंद्रवाला क्लोरपायरीफॉसचा डबा पुढे सरकवतो. शेजारचे काका डांबराची आठवण काढतात आणि पुण्या-मुंबईचा भाचा मोबाईलवर 'इको फ्रेंडली' म्हणून काहीतरी दाखवतो. यातलं प्रत्येक रसायन किडा मारतं, किंवा मारतं असं विकलं तरी जातं. पण आपण त्याच घरात झोपणार आहोत, त्याच विहिरीचं पाणी पिणार आहोत आणि उरलेल्या फळ्या बंबात घालणार आहोत, याचा हिशेब त्या सल्ल्यांमध्ये नसतो.

हा लेख पहिल्यांदाच लाकडाचं काम काढणाऱ्यांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. औषध मुरलेलं लाकूड जागच्या जागी कोरडं उभं असेल, तर सहसा त्याचा फार त्रास होत नाही. अपवाद आहेत, ते पुढे येतील. खरा धोका असतो तो औषध मारण्याच्या दिवशी, लाकूड कापण्या-घासण्याच्या दिवशी आणि जाळण्याच्या दिवशी. आणि हे तिन्ही दिवस आपल्या हातातले असतात.

पायरी 1 : लाकूड कोण खातंय ते आधी बघा

औषधाचं नाव काढण्याआधी बॅटरी आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरभर फिरा. साधारण तीन गुन्हेगार सापडतात.

पहिली वाळवी. जोत्यावरून, भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसतात. लाकूड वरून धड दिसतं, ठोकलं की पोकळ वाजतं. नळी जिवंत आहे की जुनी हे कळायला तिचा बोटभर तुकडा मोडून ठेवा. दोन-चार दिवसांत ती पुन्हा बांधली गेली, तर वाळवी आत आहे.

दुसरे भुंगेरे. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी. भुकटी झाडून काढा, खाली काळा कागद पसरा आणि आठवडाभर थांबा. कागदावर नवी भुकटी पडली नाही, तर बहुधा ती भोकं जुन्या काळातली आहेत आणि किडा केव्हाच उडून गेलाय. अशा मेलेल्या भोकांवर लोक हजारो रुपयांचं औषध ओततात. भुंगेऱ्याला लाकडातला पिष्टमय भाग हवा असतो. तो असतो सालीलगतच्या पांढरट लाकडात आणि बांबूत. जुन्या सागाच्या आतल्या गडद गाभ्यात त्याला खायला फारसं काही नसतं.

तिसरी बुरशी. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाकडात लोण्यासारखं घुसलं तर समजा कुजलंय. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. ओलावा मोजण्याचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. घरदुरुस्तीसाठी विकत घेतलेल्या वस्तूंपैकी मला सगळ्यात उपयोगी पडलेली ती वस्तू आहे.

पायरी 2 : पाणी आणि माती तोडा

या पायरीला कुणी पैसे मागत नाही, म्हणून ती कुणी सुचवत नाही.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही शंभर वर्षांची लाकडी घरं उभी आहेत. त्यांच्या बांधणीकडे नीट पाहा. खांब जमिनीत गाडलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो. जोतं उंच असतं. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढलेलं असतं. माळ्यावर वारा खेळतो. जमिनीतून येणाऱ्या वाळवीला दगडावरून उघड्यावर चढावं लागतं आणि तिची नळी घरच्यांना दिसते.

तर आधी हे करा: गळकी कौलं बदला. वाशांची भिंतीत शिरणारी टोकं तपासा, कारण कूज तिथूनच सुरू होते. पडवीला टेकून रचलेली सरपणाची रास हलवा. नवी चौकट थेट मातीत किंवा ओल्या काँक्रीटमध्ये बसवू नका. न्हाणीघराच्या भिंतीला लागून लाकूड असेल तर ती ओल मोडा. एवढं केल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. बऱ्याच घरांत पुढच्या पायऱ्यांची गरज घरातल्या दोन-चार लाकडांपुरतीच उरते.

पायरी 3 : बाजारातली औषधं ओळखा

तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, म्हणजे सीसीए, हे जगभर सर्वाधिक वापरलं गेलेलं लाकूडरक्षक मूळचं आपल्याकडचं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेसन यांनी ते 1933 साली शोधलं. त्याआधीची पाण्यात विरघळणारी औषधं पावसात धुऊन जायची. यातलं क्रोमियम बाकी दोघांना लाकडात घट्ट बांधून टाकतं. मोठ्या सिलिंडरमध्ये लाकूड ठेवून, दाब देऊन हे द्रावण आत मुरवतात. विजेचे खांब, कूलिंग टॉवर, बंदरातल्या धक्क्यांचे खांब यांना ते वरदान ठरलं.

अडचण अशी, की बांधलेलं आर्सेनिक पूर्ण बांधलेलं राहत नाही. थोडं थोडं पावसाबरोबर खालच्या मातीत उतरतं आणि लाकडाला हात लावला की हातावर येतं. अमेरिकेत अंगणातले कठडे, झोपाळे, मुलांची खेळणी याच लाकडाची असायची. मुलं हात तोंडात घालतात. शेवटी 31 डिसेंबर 2003 पासून घरगुती वापराच्या लाकडासाठी सीसीए वापरणं तिथल्या उद्योगानं थांबवलं आणि युरोपनंही पुढच्याच वर्षी निर्बंध आणले. अजैविक आर्सेनिक आणि षट्‌संयुजी क्रोमियम हे दोन्ही माणसात निश्चितपणे कर्करोग करणारे पदार्थ आहेत. द्रावणातलं क्रोमियम या घातक रूपात असतं. लाकडात मुरताना ते बऱ्याच कमी घातक रूपात बदलतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून ताजं, ओलसर, हिरवट लाकूड उघड्या हातानं उचलणं सगळ्यात वाईट. तो हिरवा रंग काही वर्षांत करडा होतो आणि मग नजरेनं ओळखता येत नाही. कारखान्याच्या जुन्या कूलिंग टॉवरचं किंवा खांबाचं लाकूड भंगारात स्वस्त मिळतंय म्हणून घरात आणू नका.

क्रिओसोट हे कोळशाच्या डांबरातून काढलेलं काळपट, उग्र वासाचं तेल. ते दाबाखाली लाकडात मुरवण्याची पद्धत जॉन बेथेलनं 1838 साली पेटंट केली आणि जगभरच्या रेल्वेनं ती उचलली. हल्ली फार्महाऊसवर जुन्या रेल्वे स्लीपरची बाकं, पायऱ्या, जेवणाची टेबलंसुद्धा करायची हौस आली आहे. सगळ्याच स्लीपरना क्रिओसोट मारलेलं नसतं. सालासारखं टणक लाकूड पुष्कळदा तसंच वापरलं जायचं. पण देवदार-चीडसारखी मऊ लाकडं औषधाशिवाय टिकतच नसत. उन्हात ठेवल्यावर डांबरगोळीसारखा वास आला, किंवा काळं चिकट पाझरलं, तर तो स्लीपर टेबलासाठी नाही. क्रिओसोट लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखी आग होते आणि त्यातली बहुवलयी हायड्रोकार्बनं कर्करोगाच्या संशयितांच्या यादीत वरच्या गटात आहेत. युरोपात 2003 पासून असे जुने स्लीपर घरात आणि बागेत वापरायला मनाई आहे.

जळकं ऑइल म्हणजे गॅरेजमध्ये इंजिनातून काढलेलं काळं तेल. हे फुकट किंवा चार पैशांत मिळतं, म्हणून वाशांपासून कुंपणाच्या खांबांपर्यंत सगळ्याला फासलं जातं. माझ्या मते या यादीतला हा सगळ्यात निरर्थक प्रकार. ते लाकडात खोल जात नाही आणि वाळवीला आतून वाट मोकळीच राहते. उलट इंजिनाच्या झिजेतले धातू आणि अर्धवट जळलेली हायड्रोकार्बनं वाशावर येतात, उन्हाळ्यात छपराखाली वास कोंडतो, पावसात खांबाच्या बुडाशी तेलाचा तवंग दिसतो आणि आगीला आयतं इंधन मिळतं. डांबराचं थोडं वेगळं: जमिनीत गाडलेल्या कुंपणाच्या बुंध्याला ते ओलावा अडवायला मदत करतं. पण घराच्या आत डांबर नको.

क्लोरपायरीफॉस हे वाळवीसाठी आपल्याकडे भरपूर खपणारं औषध. हे मज्जातंतूंवर काम करतं. किड्याच्या आणि माणसाच्याही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीबद्दलच्या काळजीपोटी अमेरिकेनं 2000-2001 मध्येच त्याचा बहुतेक घरगुती वापर बंद केला आणि 2025 साली सहज न विरणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत ते आलं, काही वापरांना सवलत ठेवून. आपल्याकडचे कारागीर ते पुष्कळदा रॉकेलमध्ये कालवून चौकटीच्या भोकांत सोडतात. रॉकेलमुळे ते लाकडात चांगलं शिरतं, हे खरं. तसंच ते कातडीतही शिरतं, आणि खोलीत पेटती उदबत्ती असेल तर आगीची भीती वेगळीच.

जुन्या घरात गॅमॅक्सीनचाही विचार करावा लागतो. आजी-आजोबांच्या काळात मुंग्या, ढेकूण, वाळवी, सगळ्यावर ही पांढरी पावडर भुरभुरली जायची. हे बीएचसी, म्हणजे बेंझीन हेक्साक्लोराईड. भारतात 1997 साली त्यावर बंदी आली. त्यातला प्रभावी घटक लिंडेन. तोही पुढे बंद झाला, 2009 साली स्टॉकहोम यादीत गेला आणि 2015 साली निश्चित कर्करोगकारक ठरला. ही क्लोरीनवाली मंडळी सहज नाहीशी होत नाहीत. माळ्यावरच्या फटीत, जुन्या पेटाऱ्याच्या बुडाशी पांढरट पावडर दिसली तर झाडू मारून उडवू नका. ओल्या फडक्यानं टिपून घ्या, हातात मोजे असू द्या.

शेवटी पेंटाक्लोरोफेनॉल, हेही लाकूडरक्षकच. भारतात ते आता बंदी घातलेल्या यादीत आहे, पण त्याची गोष्ट माहीत असावी. 1970 च्या दशकात पश्चिम जर्मनीत छताला आणि भिंतींना लाकडी फळ्या लावायची टूम होती. त्या फळ्यांना पेंटाक्लोरोफेनॉल आणि लिंडेन असलेलं रक्षक लोकांनी खोलीच्या आतून, हौसेनं, स्वतःच्या हातानं मारलं. मग डोकेदुखी, सततचा थकवा, त्वचेच्या आणि मज्जासंस्थेच्या तक्रारी सुरू झाल्या. रसायन वर्षानुवर्षं हवेत सुटत राहिलं होतं. 1989 साली जर्मनीनं पेंटाक्लोरोफेनॉलवर बंदी घातली. फ्रँकफर्टला मोठा खटला उभा राहिला, 1993 साली उत्पादक कंपनीच्या दोघा व्यवस्थापकांना शिक्षा झाली, 1995 साली वरच्या न्यायालयानं ती रद्द केली आणि पुढे तडजोड होऊन प्रकरण मिटलं. कुठल्या व्यक्तीचा कुठला आजार कशामुळे, हे न्यायालयात सिद्ध करणं किती अवघड असतं ते त्या खटल्यात दिसलं. बाहेरच्या लाकडासाठीचं औषध झोपण्याच्या खोलीत मारलं की काय होतं, हेही दिसलं. सुरुवातीला म्हटलेल्या अपवादांतला मोठा तो हाच. लाकूड जागचं हललं नाही, तरी हवेत उडणारं रसायन बंद खोलीत माणसाला गाठतं.

पायरी 4 : डबा वाचायला शिका

कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. क्लोरपायरीफॉस 20 ईसीवर (म्हणजे पाण्यात कालवायचं, 20 टक्के औषध असलेलं तेलकट द्रावण) पिवळा येतो. हिरवा म्हणजे निर्धोक असं नव्हे. पोटात गेल्यावर किंवा कातडीला लागल्यावर लगेच होणाऱ्या विषबाधेपुरताच तो रंग बोलतो. वर्षानुवर्षं हळूहळू होणाऱ्या परिणामाबद्दल तो गप्प असतो.

घटकाचं नाव, टक्केवारी, कशासाठी मान्यता आहे, उतारा काय, हे चार तपशील नसलेली बाटली घेऊ नका. 'स्पेशल टर्माइट ऑइल' म्हणून बिनलेबलच्या कॅनमधून मोजून देतात ते तर नकोच. 'शंभर टक्के नैसर्गिक' या शब्दांवरही भाळू नका. कोकण-गोव्यात होड्यांना आणि लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची जुनी चाल आहे, ते काम चांगलं करतं, पण तेच तेल हाताला लागलं तर बिब्ब्यासारखे फोड येतात. करंजेल, कडुनिंबाचं तेल तितकं तापदायक नाही, पण वरवरच्या एका हातानं वाळवी थांबेल अशी आशाही धरू नका.

पायरी 5 : घरातल्या लाकडासाठी बोरॉनपासून सुरुवात करा

घराच्या आतल्या, कोरड्या राहणाऱ्या लाकडासाठी नवख्या माणसाच्या हातात द्यावं असं एक औषध मला माहीत आहे: टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर. दोन्हीत काम करतं ते बोरॉन. टाकणखार काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. बोरिक पावडर म्हणजे आपण कॅरमवर टाकतो ती, पण कॅरमच्या डब्यात कधी भलतीच पावडर असते, म्हणून औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानातून घ्या.

एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. लाकडावर आधीचं पॉलिश किंवा रंग असेल तर तो काढावा लागेल, कारण त्यातून पाणी आत जात नाही. मग ब्रशनं भरपूर मारा, सुकायच्या आत दुसरा हात, मग तिसरा. सांध्यांत, टोकांना आणि भोकांत जास्त. टोकांकडून लाकूड सगळ्यात जास्त पितं. काही दिवस सावलीत वाळू द्या आणि त्यानंतरच तेल किंवा पॉलिश करा. लाकूड किंचित ओलसर असेल तर उलट बरं, कारण बोरॉन पाण्याबरोबर आत आत सरकत जातं.

बांबूसाठी हेच द्रावण टाकीत भरून, बांबूच्या गाठी आतून फोडून, तो त्यात काही दिवस बुडवून ठेवतात. सिंधुदुर्गात माणगा जातीचा बांबू लावणाऱ्यांना हे नवीन नाही; कुडाळची कोनबॅक ही संस्था बांबूवर प्रक्रिया करून घरं आणि फर्निचर बनवते. वाहत्या पाण्यात बांबू काही आठवडे बुडवून ठेवायची जुनी रीतही खुळचट नाही. त्यानं बांबूतला पिष्टमय भाग कमी होतो आणि भुंगेऱ्याचा चाराच संपतो.

बोरॉनच्या मर्यादा दोन. पावसात ते धुऊन जातं, त्यामुळे उघड्या कठड्याला, कुंपणाला, मातीत जाणाऱ्या खांबाला उपयोग नाही. आणि तेही शेवटी रसायनच. मोठ्या मात्रेत ते प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक ठरू शकतं, म्हणून गरोदर बाईनं हे काम करू नये, कोरडी पावडर ढवळताना तोंडाला मास्क हवा, द्रावण मुलांच्या आणि गुरांच्या हाती-तोंडी लागू नये. उरलेलं झाडांच्या बुडाशी ओतू नका, झाडं जळतात. पोळपाट, कातण, खेळणी यांना काहीच मारू नका. भुंगा लागलेली लाकडी खेळणी किंवा देव्हाऱ्यातली छोटी मूर्ती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली तर किडा मरतो. वरून रंगवलेली किंवा चिकटवलेली पुरातन वस्तू असेल तर हा प्रयोग जाणकाराला विचारूनच करा.

पायरी 6 : पेस्ट कंट्रोल बोलवायचंच असेल तर

जमिनीतून येणारी वाळवी जोर करत असेल तर बोरॉन पुरत नाही, हे मान्य करायला हवं. अशा वेळी परवानाधारक माणूस बोलवा. पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना सक्तीचा आहे. तो दाखवा म्हणायला संकोच कसला?

त्याला विचारा: औषध कोणतं, किती टक्के, कुठे कुठे. वाळवीविरोधी कामासाठी आयएस 6313 हे भारतीय मानक आहे. त्यात क्लोरपायरीफॉस 20 ईसी जमिनीत देताना प्रमाण 1 टक्का धरलं आहे, म्हणजे एक लिटर औषधाला 19 लिटर पाणी. "आपण डबल डोस देऊ" म्हणणारा तुमच्यावर मेहेरबानी करत नसतो.

विहीर कुठे आहे ते त्याला दाखवा. कोकणातला जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी तो भराभर खाली सोडतो आणि घराच्या पडवीपासून विहीर अनेकदा हाकेच्या अंतरावर. तिथल्या बाजूला जमिनीत औषध देऊ नका, पावसाच्या तोंडावर तर मुळीच नको. ओढ्याकडे उतार असेल तरीही तेच: अशी औषधं मासे आणि झिंगे यांना अगदी थोड्या मात्रेत मारतात.

आतल्या चौकटींचं काम असेल त्या दिवशी मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, कुत्रं-मांजर दुसरीकडे पाठवा. पाळण्यातल्या बाळाच्या खोलीत फवारणी नकोच. भोकं पाडून आत सोडलेलं आणि वरून बुजवलेलं चालतं. धान्याचे डबे, पाण्याचे हंडे, माशांची टाकी हलवा. नंतर निदान दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

कपाटात भुंगा झाला म्हणून धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणी ठेवायला सुचवेल. साफ नाही म्हणा. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू शेजारच्या घरात झोपलेल्या माणसालाही मारू शकतो आणि त्यावर उतारा नाही. म्हणूनच त्या गोळ्यांची खुली विक्री कायद्यानं बंद आहे.

स्वतः काम करणार असाल तर नायट्राइल मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गॉगल आणि रासायनिक वाफेसाठीचं काडतूस असलेला मास्क. नाकाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही, उलट भिजून ती तोंडाशी धरून ठेवतो. 2017 साली यवतमाळात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ते उघड्या रानात काम करत होते. तुम्ही बंद माळ्यावर असाल. काम संपल्यावर कपडे वेगळे धुवा आणि चहाआधी अंघोळ करा.

पायरी 7 : जुनं लाकूड कापताना, घासताना

जुन्या बाजारातून आणलेली वाड्याची दारं, तुळया यांचा इतिहास कुणालाच ठाऊक नसतो. त्यांना काहीतरी मारलेलं आहे असं धरूनच चाला. रंगही जुना असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. कोरडं सँडिंग टाळा, पाणी शिंपडत घासा, काम अंगणात करा, खाली ताडपत्री घाला आणि एन 95 मास्क लावा. नुसता लाकडाचा भुसासुद्धा नाकाच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे, त्यात औषध मिसळलं की दुहेरी. मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे) थरही रसायनांनी प्रक्रिया केलेले असतात, तेव्हा सुताराच्या करवतीखाली मुलांना खेळू देऊ नका. हा भुसा कोंबड्यांच्या खुराड्यात, गोठ्यात किंवा खताच्या खड्ड्यात जाता कामा नये.

पायरी 8 : जाळू नका

सुतारकाम संपलं की तुकड्यांची रास उरते आणि ती सरळ बंबाखाली जाते. उरलेली होळीला. जुनी दारं, प्लायचे तुकडे, औषध मारलेल्या रिपा, सगळं.

आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही. थोडं धुरात जातं, बाकीचं राखेत राहतं, आणि लाकूड जळून गेल्यामुळे राखेत ते कितीतरी पटीनं एकवटतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एका कुटुंबातली आठही माणसं दर हिवाळ्यात आजारी पडायची: अंगावर पुरळ, श्वासाचा त्रास, केस गळणं, झटके. कारण सापडलं ते घर उबदार ठेवायच्या शेगडीत. ते सीसीए मारलेल्या प्लायवूडचे तुकडे जाळत होते. हा अहवाल 1984 साली वैद्यकीय नियतकालिकात आला. आपल्याकडे आणखी एक वाट आहे: बंबातली राख भांडी घासायला, अळूच्या वाफ्यात, कधी धान्यात कीड लागू नये म्हणूनसुद्धा वापरली जाते. साध्या सरपणाच्या राखेला हे सगळं शोभतं. औषध मारलेल्या लाकडाच्या राखेला नाही.

मुंबईत पावाच्या लाकडी भट्ट्यांमध्ये जुन्या फर्निचरचं आणि पाडलेल्या इमारतींचं भंगार लाकूड जळत आलं आहे, आणि 2025 साली मुंबई उच्च न्यायालयानं बेकऱ्यांना गॅस किंवा तत्सम इंधनाकडे वळायला सांगितलं ते हवेच्या प्रदूषणावरूनच. आपला अंगणातला बंब न्यायालयाच्या नजरेत येत नाही, एवढाच फरक.

पायरी 9 : उरलंसुरलं

लागेल तेवढंच औषध कालवा, म्हणजे उरणार नाही. तरी उरलं, तर ज्या लाकडासाठी कालवलं त्यावरच आणखी एक हात मारून संपवा. ब्रश नळाखाली, विहिरीच्या कट्ट्यावर किंवा ओढ्यात धुऊ नका. रिकामा डबा तीनदा विसळा, विसळलेलं पाणी पुढच्या द्रावणात घाला, मग डबा भोसकून टाका. पाणी भरायला, दूध न्यायला असले डबे वापरणारी घरं अजून आहेत. घनकचऱ्याच्या नियमांत घरगुती घातक कचरा हा वेगळा वर्ग आहे. नगरपालिका असेल तर तिच्याकडे तशी सोय विचारा. सुतारशाळा किंवा लाकडाची गिरणी चालवत असाल तर तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे औद्योगिक घातक कचऱ्याची केंद्रं आहेत. औषध मारलेल्या लाकडाचे धड तुकडे जाळण्यापेक्षा कोरड्या जागी, माळ्यावर पट्ट्या म्हणून परत वापरणं मला बरं वाटतं.

पायरी 10 : विषबाधा वाटली तर

क्लोरपायरीफॉससारख्या औषधाची लक्षणं: तोंडाला सुटलेली लाळ, दरदरून घाम, मळमळ, पोटात कळा, धूसर दिसणं, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप. माणसाला मोकळ्या हवेत आणा, भिजलेले कपडे काढा, साबणानं अंग धुवा. धुणाऱ्याच्या हातातही मोजे हवेत. डोळ्यांत गेलं असेल तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा. उलटी करायला लावू नका. रॉकेलमध्ये कालवलेलं औषध असेल तर ते फुप्फुसात जाऊन प्रकरण बिघडतं. दूध, मिठाचं पाणी, लिंबू काही पाजू नका. 108 ला फोन करा आणि डबा किंवा त्याच्या लेबलाचा फोटो बरोबर न्या, कारण अ‍ॅट्रोपिन हा उतारा द्यायचा की नाही हे डॉक्टर त्यावरून लवकर ठरवू शकतात. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 आहे. काम सुरू करायच्या आदल्या दिवशीच तो फोनमध्ये साठवा.

आणि काम आटोपल्यावर चौकटीच्या मागच्या बाजूला, वाशाच्या न दिसणाऱ्या अंगाला, जाड मार्करनं लिहून ठेवा: औषधाचं नाव, टक्केवारी, महिना आणि वर्ष. तीस वर्षांनी ते लाकूड कापणाऱ्या सुताराला दुसरं कुणी सांगणार नाही.